मग्दाला मोहिमेची वाहतूक आणि रसद: बंदर चोख, खेचरखातं गचाळ

1867-68 ची ही ब्रिटिश मोहीम अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर; मग्दाला हा तिथल्या सम्राटाचा डोंगरी किल्ला. काम कैदी सोडवून आणायचं. अ‍ॅबिसिनियाचा सम्राट दुसरा टेवोड्रोस याने ब्रिटिश वाणिज्यदूत कॅमेरन, त्याच्या सुटकेसाठी गेलेला दूत होर्मुझ्द रस्साम आणि कित्येक युरोपीय मिशनरी, कारागीर डांबून ठेवले होते. कामगिरी मुंबई लष्कराकडे आली. सरसेनापती रॉबर्ट नेपियर मूळचा इंजिनिअर, आणि ते पावलोपावली दिसतं.

सगळ्यात चांगला भाग बंदराचा. तांबड्या समुद्रावरच्या झूलाला ना धक्का, ना गोडं पाणी. ऑक्टोबर 1867 मध्ये आघाडीची तुकडी उतरली. उथळ किनाऱ्यावरून खोल पाण्यापर्यंत लांबलचक धक्के बांधले. पिण्याचं पाणी आगबोटींवर समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून काढायचं. उपाय बिनचूक, पण प्रत्येक घोटामागे कोळसा जळत होता. झूलाहून आत असलेल्या कुमायलीला नळीच्या विहिरी (जमिनीत ठोकलेल्या लोखंडी नळ्या) ठोकल्यावर पाण्याची ओढ जरा कमी झाली.

बोंब झाली ती खेचरांची. भूमध्य समुद्राभोवतीच्या बाजारांतून जनावरं घाईघाईने घेतली, पण त्यांना सांभाळणारी माणसं पुरेशी नव्हती. जनावरं आधी उतरली. खोगीर, दावी, हौद मागून. दोरखंड कुरतडून खेचरं सुटली आणि पाण्यासाठी भटकत मेली. वर घोड्या-खेचरांच्या रोगाची साथ. पंजाबातून खेचरवाल्यांसकट आलेल्या तांड्यांचं मात्र नीट चाललं. जनावराबरोबर त्याचा माणूसही आणायचा, हे खरेदीखात्याला सुचलं नाही, याला माफी नाही.

झूला ते कुमायली हा रेल्वेचा सुमारे 11 मैलांचा तुकडा कसाबसा पास. वेगवेगळ्या प्रकारचे रूळ एकत्र पाठवल्यावर जोड कसे बसणार? मार्ग पुरा होईतो मोहीम निम्मी उरकली होती.

पुढचा रस्ता मात्र दाद देण्याजोगा. सुरू नावाच्या खिंडीच्या अरुंद घळीतून सफरमैनांनी (लष्कराच्या रस्ते-पूल बांधणाऱ्या पलटणींनी) तोफा जातील अशी वाट फोडली. कुमायली ते पठारावरचं सेनाफे 60 मैलांच्या आसपास, आणि चढ 7,000 फुटांहून जास्त. मुंबईहून आणलेल्या 44 हत्तींनी आर्मस्ट्राँग तोफा आणि मोठ्या उखळी तोफा वाहिल्या. हलक्या डोंगरी तोफा खेचरांवर. वाटेत धान्य-चारा विकत घ्यायला ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिच्या छापाची चांदीची नाणी लागत, तीही 1780 साल कोरलेली. दुसरं नाणं तिथले लोक घेत नसत. ती व्हिएन्नात मुद्दाम पाडून घेतली. हे नियोजन पैकीच्या पैकी.

झूला ते मग्दाला अंतर सुमारे 400 मैल. 10 एप्रिल 1868 ला मग्दालाजवळच्या अरोगीला ब्रिटिशांच्या झटपट भरता येणाऱ्या स्नायडर बंदुकांपुढे टेवोड्रोसची फौज मोडली. 11 आणि 12 तारखेला युरोपीय कैदी छावणीत पोचलेसुद्धा. म्हणजे मागितलेलं काम इथेच संपलं होतं. 13 तारखेचा किल्ल्यावरचा हल्ला वाढीव. टेवोड्रोसने स्वतःला गोळी घालून घेतली, मग्दाला जाळलं गेलं. लूट वाहायला 15 हत्ती आणि जवळपास 200 खेचरं जुंपली. त्यात चर्चच्या हस्तलिखित पोथ्याही होत्या. त्यांतल्या बऱ्याच आज लंडनला आहेत. हा ऐवज मागितलेल्या कामात कुठेच बसत नाही.

बिलाबद्दल बोलू नये असं बिल. सुरुवातीला पार्लमेंटकडे 20 लाख पौंड मागितले, शेवटचा आकडा 80 लाखांच्या वर गेला. शिवाय हिंदी शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवरच ठेवला. इथल्या रयतेचा या कैद्यांशी काडीचा संबंध नव्हता.