उजवा गुडघा बदलल्यानंतर: दिवाळी ते आषाढ

उजवा गुडघा बदलून घेतला त्याला आता नऊएक महिने होतील. ऑपरेशन दिवाळीनंतर झालं आणि हे लिहितेय आषाढात. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर "कुणी करू नका" असं लिहिलं असतं, तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर भेटेल त्याला करायला लावलं असतं. म्हणून मुद्दाम थांबले.

माझं वय 66. राहायला पार्ले पूर्वेला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. साखर आहे, गोळ्यांवर आटोक्यात. दोन्ही गुडघे झिजलेले, त्यातला उजवा फारच. गोळ्या, तेलं, पट्टे, गुडघ्यात इंजेक्शन, सगळं करून झालं होतं. दुखणं सोसत होते, पण शेवटी शेवटी रात्रीची झोप गेली आणि भाजी आणायला उतरायचं तरी दोनदा विचार करावा लागायला लागला, तेव्हा ठरवलं. माझ्या डॉक्टरांनीही नेमकं हेच विचारलं होतं: एक्स-रे राहू द्या, तुमचं कुठलं काम अडतंय ते सांगा. निर्णय घ्यायला हा प्रश्न मला सगळ्यांत उपयोगी वाटला.

आमच्या पिढीला हे ऑपरेशन ओळखीचं झालं ते वाजपेयींमुळे. ते पंतप्रधान असताना 2000 साली एक आणि 2001 साली दुसरा असे त्यांचे दोन्ही गुडघे इथेच मुंबईत, ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले होते. तरी अजूनही पुष्कळांना वाटतं की अख्खा सांधा उपटून काढतात. तसं नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग थोडे मिलिमीटर तासून, दाताला कॅप बसवतात तशी त्यावर धातूची टोपी आणि तबकडी बसवतात. मध्ये घट्ट प्लास्टिकची चकती. पायाचे स्नायू, बाजूचे बंध, कातडी आपलीच राहतात. धातू पहिल्या दिवसापासून तयार असतो. वेळ लागतो तो या बाकीच्या मंडळींना, आणि त्यांच्याकडून काम करून घेणं सर्जनच्या हातात नसतं.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कमरेतून भूल दिली, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, पलंगापासून दारापर्यंत चालवलं. तिथे असताना इतकं सोपं वाटलं की घरी फोन करून मीच सगळ्यांना धीर दिला. खरं दुखणं घरी आल्यावर सुरू होतं, हे मला आधी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. रुग्णालयाचं नाव घेत नाही, ऑपरेशन उत्तम झालंय. पण घरी जाताना हातात पडला तो व्यायामाच्या चित्रांचा झेरॉक्स काढलेला पुसट कागद आणि "चालू ठेवा" एवढा निरोप. इतक्या मोठ्या कामानंतर पेशंटला असं मोकळं सोडणं बरोबर नाही. घरी येणारी फिजिओ आम्ही स्वतः शोधली, आणि आज माझा गुडघा जसा आहे तो निम्मा तिच्यामुळे.

पहिले सहा आठवडे. दिवसा निभावतं, रात्र जात नाही. कुशीवर वळता येत नाही, पाय जड, आतून गरम. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्यामुळे जेवण जात नाही. संध्याकाळी सूज वाढते. टॉवेलात गुंडाळून बर्फाची पिशवी पंधरा-वीस मिनिटं आणि पाय छातीच्या वर राहील असा उंच, एवढ्यानेच आराम पडायचा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी होती आणि जागी असेन तेवढा वेळ घोटा वर-खाली हलवत राहायचं. पोटरी अचानक दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर फोनवर विचारत न बसता थेट रुग्णालयात यायचं, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं होतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती वाकतो? मांडी घालता येते का?" सरळ किती होतो, हे एकानेही विचारलं नाही. गुडघा वाकणं नंतरही हळूहळू वाढत राहतं. सरळ पाय म्हणजे शून्य धरलं तर माझा घरी आले तेव्हा 70 अंशांच्या आसपास होता, आता 120 होतो. सपाट चालायला साधारण 60-70 अंश पुरतात, जिन्याला 90 च्या आसपास, खुर्चीतून आधाराशिवाय उठायला त्याहून थोडं जास्त. पण गुडघा शेवटच्या चार-पाच अंशांत पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस कायम लंगडतो, मांडी थकते, कंबर धरते. आणि ही सरळ व्हायची मुदत सुरुवातीच्या आठवड्यांतच असते. नंतर आतली जखम आवळत जाते.

आमची फिजिओ पहिल्या दिवशी काय करायची सांगते. मला गादीवर नाही, दिवाणाच्या कडक फळीवर पाय लांब करून बसवायची. स्वतःचा तळहात माझ्या गुडघ्याच्या मागे सरकवायची आणि म्हणायची, "काकू, हात दाबा." मी जीव खाऊन दाबायचे आणि तिचा हात अलगद पलीकडून बाहेर यायचा. फळी आणि गुडघा यांच्यात तेवढी पोकळी होती. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली अधांतरी, आणि तसंच पडून राहायचं. गुडघ्यामागची शीर तटतटते, पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात. हेच सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कितीही बरं वाटलं तरी गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, यावर ती इतकी कडक की तिने सुनेला पहारा करायला सांगितलं होतं. महिना उलटून गेल्यावर एका सकाळी मी दाबलं आणि तिचा हात आत अडकला. तिला ओढून काढावा लागला. त्या दिवशी ती माझ्याकडे शिरा खाऊन गेली.

म्हणून मशीन कुठलं, रोबोटने करावं की हाताने, या चर्चेत मी फार वेळ घालवू नका म्हणेन. रोबोटमुळे हाड कापण्यात नेमकेपणा येतो, पण तो घरी येऊन टॉवेलवर तुमचा पाय ठेवत नाही. त्या पैशांतून दोन महिन्यांची चांगली फिजिओ लावा.

पैशांचं निघालंच आहे तर. सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट 2017 पासून सरकारी मर्यादा आहे. तोवर नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची छापील किंमत दीड लाखाच्या पुढे असायची, ती तेव्हा 54,720 रुपयांवर आणली, जीएसटी वेगळा. नंतर आकडे थोडेफार बदलत गेले. एकूण बिल त्याच्या काही पटींत होतं, कारण थिएटर, खोली, डॉक्टरांची फी यांना ती मर्यादा नाही. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहिलेला असतो तो बघून घ्या. डब्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून मागा, पुढे कधी काही करावं लागलं तर तेच कामाला येतात. मेडिक्लेम असेल तर सांधेबदलासाठी प्रतीक्षा कालावधी किती वर्षांचा आहे तेही तारीख घेण्याआधी वाचा.

आता लिफ्ट नसलेल्यांसाठी जिना. नियम एकच, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, काठी ऑपरेशनच्या पायासोबत. आमच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत, म्हणून मी कठड्याच्या कडेनेच चालते. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी जिन्याच्या चौकात एक प्लास्टिकची खुर्ची महिनाभर ठेवून दिली होती, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. एकेका पायरीवर एकेक पाय टाकून सलग चढायला तीन महिने लागले. उतरायला आणखी थोडे. उतरणं कठीणच असतं, कारण सगळं वजन मांडीच्या स्नायूवर येतं. टाके काढायला जाताना रिक्षा घेऊ नका. पाय दुमडून बसायला लागतं आणि खड्डे आहेतच. टॅक्सीत पुढची सीट मागे सरकवून बसले, ते सोसलं.

लोकलने चौथ्या महिन्यात गेले, दुपारची वेळ आणि सून बरोबर. डब्यात चढायला पायापेक्षा हाताची पकड महत्त्वाची. मधला दांडा डाव्या हाताने धरायचा, डावा पाय वर, मग उजवा आपोआप येतो. उतरताना मात्र फलाट आणि पायरीतलं अंतर आधी डोळ्यांनी मोजायचं. काही ठिकाणी फलाट इतका खाली आहे की ती उडीच होते, आणि उडी या गुडघ्याला वर्ज्य. अशा फलाटावर मी कुणाचा तरी हात मागते. मुंबईच्या बायका नाही म्हणत नाहीत. पावसात फलाट ओला असतो तेव्हा अजूनही काठी नेते. तिची गरज चालायला कमी, लोकांनी धक्का न मारता जावं यासाठी जास्त आहे.

पोहणं हा माझा सगळ्यांत मोठा आनंद. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलाच्या तलावात पुन्हा जायला लागले. पाण्यात गुडघ्यावर वजन येत नाही, त्यामुळे तासभर हातपाय मारता येतात. बेडकासारखे पाय मारायचे ते सोडून दिलं, त्यात गुडघ्याला पीळ बसतो. सरळ पाय हलवून पोहते. चालणं रोज होतं, सायकल घरातली. पळणं, उड्या, दोरी यांना कायमचा रामराम.

मांडीबद्दलही सांगून टाकते. मी महिला भजनी मंडळात पेटी वाजवते, त्यामुळे हा प्रश्न मलाही छळत होता. मांडी घालता येते, थोडा वेळ, आणि उठताना कुणीतरी लागतं. डॉक्टर म्हणाले, जमलं म्हणून तासन्‌तास बसू नका, चकती कडेने झिजते. आता मी खुर्चीवर बसते, पेटी टेबलावर. सुरुवातीला भाता ओढायचा कोन चुकायचा, खांदा भरून यायचा. टेबल चार बोटं खाली घेतल्यावर जमलं. आषाढीला मंडळात दोन तास सलग वाजवली आणि उठून स्वतःच्या पायांनी घरी आले. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी मी अर्ध्यातून उठले होते.

जे नाही जमत तेही लिहायला हवं. गुडघा टेकून बसता येत नाही, म्हणजे दुखत नाही, पण दगडावर टेकल्यासारखं विचित्र लागतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर आहे, ती थोडी बधिरच राहील असं सांगितलंय. चालताना कधी कधी टक्‌ असा आवाज येतो, धातू आणि प्लास्टिकचा, त्याला घाबरायचं नाही. संध्याकाळी हात लावला तर हा गुडघा दुसऱ्यापेक्षा अजून किंचित गरम लागतो. विमानतळावर यंत्र वाजतं, आधीच सांगून टाकायचं. दाताचं काही काम असेल तर दाताच्या डॉक्टरांना गुडघ्याची कल्पना आधी द्यायची. टिकण्याचं म्हणाल तर 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जुन्या नोंदी एकत्र करून आलं होतं की असे शंभरातले साधारण 82 गुडघे 25 वर्षं टिकतात. माझ्या वयाला तेवढं पुष्कळ आहे.

करावं का, असं मला विचाराल तर ज्यांची रोजची कामं अडलीत आणि जे पुढचे दोन-तीन महिने व्यायामाला देऊ शकतात त्यांनी जरूर करावं. ज्यांच्या घरी त्या काळात मदतीला कुणीच नाही त्यांनी आधी ती सोय लावावी, मग तारीख घ्यावी. एकट्याने निभावण्यासारखं हे दुखणं नाही.

माझा डावा गुडघा येत्या दिवाळीनंतर. या वेळी मांडीचे व्यायाम आत्तापासूनच सुरू केलेत, वजन थोडं उतरवलंय, फिजिओची वेळ आधीच घेऊन ठेवली आहे. कमोडची खुर्ची माळ्यावर आहे ती काढायची. आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, दुसऱ्या बाजूलाही बसवून द्या म्हणून सोसायटीकडे अर्ज दिलाय. सेक्रेटरी गणपतीच्या आधी करून देतो म्हणालेत.