मोकळ्या जागेतले लग्न आणि ७०-२०० मिमी लेन्स: पार्श्वभूमीच्या कसोटीवर

उघड्यावरच्या लग्नाचे फोटो काढताना छायाचित्रकाराला प्रकाशापेक्षा पार्श्वभूमीच अधिक छळते. सभागृहात मागे काय दिसणार हे सजावट करणाऱ्याने बरेचसे ठरवून ठेवलेले असते. मोकळ्या जागेत मात्र वधूवरांच्या मागे लावलेल्या गाड्या, स्पीकरचे स्टँड, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, विजेच्या तारा आणि मोबाइल उंचावून उभे असलेले पाहुणे हे सगळे एकदमच चौकटीत शिरते. यावर हमखास उपाय म्हणून ७०-२०० मिमी एफ २.८ या झूम लेन्सचे नाव घेतले जाते. यातला मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ: तो जितका मोठा, तितके दृश्य जवळ येते आणि चौकटीत जागा कमी मावते. एफचा आकडा जितका लहान, तितके अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, मोठे. कॅनन, निकॉन, सोनी अशा सर्व मोठ्या कंपन्या ती बनवतात आणि लग्नाचे काम करणाऱ्या अनेकांच्या बॅगेत ती असतेच. या परीक्षणात मी एकाच गोष्टीकडे पाहणार आहे: नको असलेली पार्श्वभूमी आवरायला या प्रकारच्या लेन्सचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो.

माझे मत आधीच सांगतो. लेन्स घेण्याजोगी आहे. पण ज्या कारणासाठी ती सहसा घेतली जाते, ते कारण दुय्यम आहे. ‘मागचे सगळे धूसर होते’ अशी तिची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. मात्र मागचे पुष्कळसे मुळात चौकटीतच येऊ न देणे, हे तिचे त्याहून मोठे सामर्थ्य आहे.

हे आकड्यांत पाहिले की लगेच पटते. फुलफ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून वधूवरांचा नखशिखांत फोटो घ्यायचा आहे आणि त्यांच्या जागी चौकटीची उंची २.४ मीटर ठेवायची आहे, असे समजू. ३५ मिमी लेन्सने हा फोटो साधारण २.३ मीटरवरून निघतो, तर २०० मिमीवर त्यासाठी १३ मीटरहून थोडे अधिक मागे जावे लागते. दोन्ही फोटोंत वधूवर सारखेच मोठे दिसतात. परंतु त्यांच्यामागे २० मीटरवर गाड्यांची रांग असेल, तर ३५ मिमीच्या चौकटीत त्या रांगेचा सुमारे १५ मीटर रुंदीचा भाग येतो आणि २०० मिमीच्या चौकटीत जेमतेम ४ मीटरचा. पहिल्या फोटोत तीन गाड्या दिसतील, दुसऱ्यात एक. त्या चार मीटरांत गाडीऐवजी झाडाचा बुंधा किंवा साधी भिंत येईल अशी जागा निवडणे आपल्या हातात असते. पंधरा मीटर स्वच्छ जागा शोधणे बहुतेक ठिकाणी अशक्यच असते.

आता धूसरपणाकडे वळू. अॅपर्चरचा व्यास म्हणजे फोकल लेंथला एफ-क्रमांकाने भागल्यावर येणारी संख्या. २०० मिमी आणि एफ २.८ ला तो ७१ मिमी येतो, तर वजनाने आणि किमतीने कितीतरी हलक्या असलेल्या ८५ मिमी एफ १.८ ला ४७ मिमी. फार दूरच्या पार्श्वभूमीतला प्रत्येक ठिपका पसरून त्याची जी चकती बनते, ती वधूवरांच्या जागी मोजली तर जवळजवळ या व्यासाएवढी भरते. त्यामुळे लांबच्या टेकड्या आणि इमारती ७०-२०० अधिक विरघळवते, यात शंका नाही. पण लग्नात त्रास देणाऱ्या वस्तू बहुधा जवळच असतात. त्याच नखशिखांत फोटोत पार्श्वभूमी फक्त ५ मीटर मागे असेल, तर २०० मिमीवर धूसर चकती सुमारे १९ मिमीची होते आणि ८५ मिमीवर सुमारे २२ मिमीची. म्हणजे जवळच्या खुर्च्या आणि स्पीकर पुसून टाकण्यात लहान लेन्स काकणभर सरस ठरते. केवळ धूसरपणासाठी ७०-२०० घेऊ पाहणाऱ्याने हा हिशेब अवश्य करावा.

शिवाय धूसर होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. गर्द सावलीत उभ्या असलेल्या वधूवरांमागे उन्हातली पांढरी खुर्ची असेल, तर कितीही धूसर झाली तरी ती पांढरीच राहते. तिच्या कडा तेवढ्या जातात आणि नजर पुन्हा पुन्हा त्या उजळ डागाकडेच ओढली जाते. लालभडक फलकाचेही तसेच. पानांतून झिरपणारे ऊन तर दुधारी असते. पाने दूर असली तर त्यांतून मऊ, गोल चकत्या दिसतात. ती दोन-तीन मीटरवरच असली तर कडा असलेल्या चकत्यांचा आणि डहाळ्यांचा असा गुंता होतो की चेहऱ्यामागे शांतता राहतच नाही. पूर्ण उघड्या अॅपर्चरला चौकटीच्या कोपऱ्यांतल्या चकत्या गोल न राहता लंबगोल होतात, हेही या लेन्समध्ये कमीअधिक प्रमाणात दिसते. म्हणून प्रकाशाची निवड लेन्सच्या आधी येते: शक्य असेल तिथे वधूवर उजेडात आणि मागची बाजू सावलीत, अशी जागा धरावी.

या लेन्सचा सर्वांत सुंदर गुण मला छायाचित्रकाराच्या छोट्या हालचालींत दिसतो. वराच्या डोक्यातून दिव्याचा खांब उगवल्यासारखा दिसत आहे आणि तो खांब २० मीटर मागे आहे, असे धरा. १३ मीटरवर उभे राहून आपण एकच पाऊल, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर, बाजूला सरकलो, की खांब चौकटीच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक सरकतो आणि डोके मोकळे होते. वधूवरांना हलवावे लागत नाही, चाललेला विधीही थांबवावा लागत नाही. उंचीचेही असेच आहे. डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १.६ मीटरवरून फोटो घेतला तर मागच्या दीड मीटर उंचीच्या गाड्यांचे टप नेमके चेहऱ्यांच्या पातळीवर येतात. खाली बसून कॅमेरा अर्ध्या मीटरवर आणला, की तेच टप कमरेपर्यंत उतरतात आणि चेहऱ्यांमागे झाडांचे शेंडे किंवा आकाश येते. मात्र आकाश फार उजळ असेल तर चेहरे काळवंडतात आणि एक्स्पोजर त्यांच्यासाठी वाढवावे लागते.

उणिवांपैकी पहिली आणि मोठी उणीव अंतराची. तेरा मीटर मोकळे अंतर लग्नाच्या गर्दीत सहज मिळत नाही, आणि मिळाले तरी मधून सतत कोणीतरी जात असते. एवढ्या लांबून वधूवरांशी हळू आवाजात बोलता येत नाही. त्यांना धीर देणारा, पदर किंवा कॉलर नीट करणारा एक मदतनीस जवळ हवाच. कॅमेऱ्यासमोर अवघडणाऱ्या जोडप्यांना या अंतराचा उलट फायदा होतो, ती खुलतात, हेही तितकेच खरे.

दुसरी अडचण कडक उन्हाची. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर एफ २.८ ठेवले तर शटर स्पीड सुमारे १/३२०० सेकंद लागतो, तो आजच्या कॅमेऱ्यांना जड नाही. मात्र चेहऱ्यावरच्या सावल्या उजळण्यासाठी फ्लॅश वापरायचा झाला, तर त्यासोबत चालणाऱ्या शटर स्पीडची बहुतेक कॅमेऱ्यांतली सामान्य मर्यादा १/२०० ते १/२५० सेकंदांच्या आसपास असते. मग हायस्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरवरही फ्लॅश चालवण्याची सोय) वापरून फ्लॅशची ताकद गमवावी लागते किंवा सुमारे चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश चार वेळा निम्मा करणारी गडद काच, लावावा लागतो. ही लेन्स घेणाऱ्याने तो फिल्टर सोबतच घ्यावा. नाहीतर अॅपर्चर एफ ११ पर्यंत बंद करावे लागते आणि मागच्या गाड्या होत्या तशा पुन्हा दिसू लागतात.

गटफोटोंबद्दल थोडक्यात: २०० मिमी, एफ २.८ आणि १३ मीटरवर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे मिळून स्पष्ट दिसणारा पट्टा, पाऊण मीटरच्या आतबाहेर असते. दोन रांगा उभ्या केल्या तर एफ ५.६ वर जाणेच सुरक्षित. मागचे आवरायला तिथे जागेची निवडच कामी येते.

खरेदी करताना एक बाब आवर्जून तपासावी. काही जुन्या ७०-२०० लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस करताना २०० मिमीच्या बऱ्याच खाली येतात. त्यामुळे चेहऱ्याच्या जवळच्या फोटोत मागची जागा अपेक्षेहून अधिक दिसते. जुनी लेन्स विकत घ्यायची असल्यास दीड-दोन मीटरवर फोकस करून आपल्या डोळ्यांनी खात्री करून घ्यावी. वजनाच्या बाबतीत नव्या पिढीने मोठी सुधारणा केली आहे. सोनीच्या २०१६ मधल्या जीएम (सोनीची उच्च श्रेणी) आवृत्तीचे वजन १४८० ग्रॅम होते, २०२१ मधल्या दुसऱ्या आवृत्तीचे १०४५ ग्रॅम आहे; कॅननची २०१९ मधली आरएफ (मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची) लेन्स १०७० ग्रॅमची आहे. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याच्या मनगटाला या चारशे ग्रॅमचे मोल चांगलेच कळते, कारण थकलेला हात खाली वाकून कोन शोधायचे टाळू लागतो.

ज्यांचे काम मुख्यतः मोकळ्या जागेतले आहे आणि जिथे मागे सरायला वाव मिळतो, त्यांनी ही लेन्स निःशंक घ्यावी. अरुंद अंगणात किंवा दाट गर्दीत काम करणाऱ्यांनी आधी ८५ मिमी एफ १.८ घ्यावी आणि ७०-२०० मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमापुरती भाड्याने आणावी. दोन कॅमेरे बाळगणाऱ्यांनी एकावर ७०-२०० आणि दुसऱ्यावर ३५ मिमी ठेवावी, म्हणजे जिथे आजूबाजूचा परिसरच दाखवण्यासारखा आहे, तिथे तो मोकळेपणाने दाखवता येतो.