६३ चे ६५ करण्याच्या नादात गमावलेला १९३९ चा रुपया

माझ्याकडे सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया होता. आज त्याच्या जागी माझ्या कपाटात १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून १९३९ केलेले नाणे आहे, आणि ते ज्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे आम्ही संग्राहक जिला स्लॅब म्हणतो त्यात, माझ्या हाती आले, तो स्लॅबही बनावट निघाला. हे कसे घडले ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या मोहापायी मी फसलो तो मोह मी माझ्या ओळखीच्या अनेक संग्राहकांमध्ये पाहिला आहे, आणि मला फसवणाऱ्या माणसाला त्या मोहाची नेमकी जाण होती.

हा रुपया मला २०१३ मध्ये सांगलीच्या एका सराफांकडे मिळाला. कोणीतरी घरातील जुने रुपये मोडीत घातले होते आणि सराफ ते चांदीच्या वजनाने देत होते. १९३८ चा रुपया कोणत्याही विक्रेत्याकडे सहज मिळतो, १९३९ चा मात्र क्वचितच दिसतो. १९४० पासून रुपयातील चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली गेली, त्यामुळे जुन्या शुद्धतेच्या रुपयांच्या मालिकेतील हे शेवटचे साल. त्या ढिगात ते साल दिसले तेव्हा माझा हात थरथरला होता, हे मला अजून आठवते. नाणे चलनात फारसे फिरलेले नव्हते. दिव्याखाली ते हळूहळू कलते केले की प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरत. न घासलेल्या, न धुतलेल्या चांदीची ती खूण असते, आणि एकदा का नाणे दंतमंजनाने किंवा रसायनाने चमकवले की ती पुन्हा कधीही येत नाही. राजाच्या गालावर मात्र एक बारीक तिरका ओरखडा होता. तो कानाच्या खालून निघून ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने जात असे.

पाच वर्षे मला त्या ओरखड्याचे काहीच वाटले नाही. २०१८ मध्ये मी तो रुपया ग्रेडिंगसाठी, म्हणजे नाण्याचा दर्जा तपासून त्याला गुण देणाऱ्या कंपनीकडे, पाठवला आणि तो ६३ गुणांचा शिक्का घेऊन स्लॅबमध्ये परत आला. त्या दिवसापासून मला त्या नाण्यात ओरखड्याशिवाय दुसरे काही दिसेना.

ज्यांना या गुणांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या आकाराच्या तांब्याच्या सेंटसाठी तयार केली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपन्या सुरू झाल्यावर तीच पट्टी जगभरच्या नाण्यांना लागू झाली. चलनाची झीज अजिबात नसलेल्या नाण्यासाठी ६० ते ७० असे अकरा आकडे आहेत. टाकसाळीत नाणी एकमेकांवर आदळून पडलेले वण, ठशाचा उठाव, चकाकी आणि एकूण देखणेपण पाहून तपासनीस त्यांपैकी एक आकडा ठरवतात. हे मत अनुभवी माणसांचे असले तरी मतच असते. तेच नाणे दुसऱ्यांदा पाठवले तर आकडा एखाद्या गुणाने वर किंवा खाली जाऊ शकतो, ही गोष्ट या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. ६३ आणि ६५ मधील फरक नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला सांगूनही कळणार नाही, पण किमतीत तो फरक फार मोठा असतो, आणि आमच्यासारख्यांच्या मनात त्याहूनही मोठा.

माझ्या बाबतीत तो किती वाढला होता हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण तसे न सांगितल्यास पुढचे काहीच समजणार नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर मी टेबलावरचा दिवा लावून दहापट भिंगाखाली तो गाल पाहत असे. माझ्या संग्रहातील ६० पेक्षा कमी गुणांची नाणी मी एकेक करून विकली. त्यात वडिलांनी मला शाळेत असताना दिलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपयाही होता. पत्नीने तो विकू नका असे दोनदा सांगितले. मी तिला ‘तो ५५ च्या पुढे जाणार नाही’ एवढेच उत्तर दिले. ते उत्तर मला आज लाज आणते.

२०२४ च्या उन्हाळ्यात पुण्यातील एका नाणे प्रदर्शनात एक तरुण भेटला. तो परदेशी कंपन्यांकडे नाणी पाठवून देण्याचे काम करतो असे सांगत होता. बोलणे अदबीचे, प्रत्येक वाक्यात ‘काका’, आणि नाण्यांची माहिती खरोखर चांगली. माझा स्लॅब त्याने दिव्याखाली फिरवला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग हळू आवाजात म्हणाला, “काका, हे ६३ चं नाणं नाहीच. अशी चकाकी असलेलं नाणं ६५ ला जायला हवं. तुमच्यावर अन्याय झालाय.” गेली सहा वर्षे जे वाक्य मी स्वतःशी म्हणत होतो, तेच मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले. त्यानंतर मी त्याला एकही अवघड प्रश्न विचारला नाही.

त्याची योजना अशी होती. नाणे जुन्या स्लॅबसह पाठवले तर तपासनिसांच्या मनावर जुन्या आकड्याचे दडपण येते, म्हणून स्लॅब फोडून नाणे सुटे पाठवायचे. ओरखड्याभोवती साचलेली काजळी तज्ज्ञाकडून सुरक्षितपणे काढून घ्यायची, म्हणजे ओरखडा ‘डोळ्यांत भरणार नाही’. फी २४,००० रुपये, त्यातील निम्मी आगाऊ. स्लॅब फोडून पुन्हा गुण मागण्याची पद्धत जगभर आहे, त्यामुळे मला त्यात वावगे काही वाटले नाही. वास्तविक स्लॅब न फोडताही फेरतपासणीसाठी नाणे पाठवण्याची सोय या कंपन्यांकडे असते, आणि ते मी वाचलेही होते. तरीही ऑगस्टमध्ये मी माझ्या घरी, माझ्या हाताने, जुना फडका गुंडाळून पक्कडीने तो स्लॅब फोडला. आतील चिठ्ठी, जिच्यावर माझ्या नाण्याचा क्रमांक होता, तीही त्याने मागून घेतली, कारण ती कंपनीला परत पाठवली की जुनी नोंद रद्द होते असे त्याने सांगितले. मी ती दिली.

येथे मला थांबून सांगायचे आहे, कारण सगळी फसवणूक या एका कृतीत आहे. स्लॅबमध्ये असताना त्या नाण्याला एक क्रमांक होता, नोंद होती, कोणी बदलले तर सिद्ध करता येईल अशी ओळख होती. स्लॅब फुटला त्या क्षणी तो चांदीचा एक सुटा रुपया झाला, आणि तो कोणाचा हे सांगणारे काहीही उरले नाही. मला मिळालेल्या पावतीवर ‘चांदी रुपया १९३९, १ नग’ एवढेच लिहिलेले होते. वजन नाही, छायाचित्र नाही, जुना क्रमांक नाही. बँकेत ३१ वर्षे रोखपाल म्हणून काम केलेल्या माणसाने अशी पावती खिशात घातली.

जानेवारी २०२५ मध्ये नाणे परत आले. स्लॅबवर ६५ होते. मी कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक तपासला. साल तेच, नाणे तेच, गुण ६५, सोबत छायाचित्रही होते. ते छायाचित्र मी उघडले, राजाचा चेहरा पाहिला आणि बंद केले. गालावर ओरखडा नव्हता. हातातील नाण्यावरही नव्हता. मला फक्त आनंद झाला. काजळी काढल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, असे मी स्वतःला समजावले. चांदीत खोलवर गेलेला ओरखडा काजळी काढल्याने नाहीसा होत नाही, उलट अधिक उठून दिसतो, हे कोणत्याही नवशिक्याला कळेल. मी ३० वर्षे नाणी पाहत आलो आहे, आणि तरीही उरलेले १२,००० रुपये मी त्याच संध्याकाळी पाठवले.

जूनमध्ये एक जुने मित्र घरी आले. त्यांनी स्लॅब हातात घेतला आणि गालाकडे न पाहता थेट सालाकडे पाहिले. “या सालात दोन नऊ आहेत. दोन्ही नीट बघ,” एवढेच ते म्हणाले. मी भिंग लावले. पहिल्या नऊचे शेपूट गोलसर आणि सुबक होते. शेवटच्या नऊचे शेपूट किंचित बोथट, आणि त्याच्या डाव्या बाजूचा सपाट भाग खरवडल्यासारखा होता. तेथे चकाकीचे आरे तुटत होते. प्रकाश फिरवला की सगळ्या नाण्यावरून तो वाहत जाई आणि त्या एका ठिपक्याएवढ्या जागेवर विझे. आठच्या खालच्या गोलाची डावी बाजू काढून टाकली की नऊ उरतो. मग मी माझ्या संगणकातील २०१८ चे छायाचित्र काढले. त्यात दोन्ही नऊ हुबेहूब सारखे होते, आणि गालावर ओरखडा होता. त्यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावरील छायाचित्र प्रथमच नीट पाहिले. त्या नाण्याच्या कडेजवळ दोन बारीक वण होते, माझ्या हातातील नाण्यावर ते नव्हते. म्हणजे कोणा तिसऱ्याच्या अस्सल ६५ च्या नाण्याचा क्रमांक उचलून बनावट स्लॅबवर छापलेला होता. तो बनावट स्लॅब फोडून नाण्याचे वजन केले तेव्हा ते ११.६६ ग्रॅमच्या जवळच भरले, कारण तो खरा रुपया होता, फक्त एका वर्षाने आधीचा. नुसत्या वजनावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ही मोजपट्टी तयार करणाऱ्या शेल्डन यांच्याविषयी मी नंतर जे वाचले ते येथे सांगावेसे वाटते. त्यांच्या मृत्यूनंतर असे उघड झाले की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी त्यांनी कमी दर्जाची नाणी ठेवली होती, आणि ही अदलाबदल जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिल्यावर ओळखता आली. नाणी बदलली तरी त्यांच्यावरचे वण बदलत नाहीत. संग्रहालयाच्या बाबतीत जे घडले तेच माझ्या टेबलावर घडले होते.

त्या तरुणाचा दूरध्वनी तोपर्यंत बंद झाला होता. मी पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या ३१६ आणि ३१८ या कलमांचा, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक यांचा, उल्लेख करून तक्रार दिली. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्ही दिलेलं नाणं हे नव्हतं, हे कशावरून?” पावती त्या प्रश्नाला काहीही उत्तर देत नव्हती. उत्तर देत होते ते फक्त २०१८ चे छायाचित्र, आणि त्यातला ओरखडा. जो ओरखडा नाहीसा व्हावा म्हणून मी सहा वर्षे झुरलो, तोच माझ्या मालकीचा एकमेव पुरावा ठरला. तपास सुरू आहे. नाणे अद्याप मिळालेले नाही.

ग्रेडिंगसाठी कोणाच्याही हाती नाणे देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की नाणे स्लॅबमध्ये असेल तर तो कोणाच्याही सांगण्यावरून फोडू नये. देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची आणि कडेची मोठी छायाचित्रे काढावीत, वजन लिहून घ्यावे, आणि पावतीवर क्रमांकासह त्या छायाचित्रांचा उल्लेख करून सही घ्यावी. परत आल्यावर प्रथम आकडा पाहू नये, प्रथम आपले वण शोधावेत. शंभर वर्षांहून जुनी नाणी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे किंवा १९११ चे रुपये, परदेशी पाठवून देतो असे कोणी म्हणत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यासाठी कमीत कमी सहा महिन्यांच्या कैदेची तरतूद आहे. त्या तरुणाने मला तशी नाणीही पाठवून देण्याची तयारी दाखवली होती. तेवढ्यावरूनच मी उठून यायला हवे होते.

माझ्या रुपयाची खूण पुन्हा लिहितो. सहावा जॉर्ज, १९३९, दोन्ही नऊ सारखे, चकाकी अखंड, आणि राजाच्या गालावर कानाच्या खालून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारा साधारण चार मिलिमीटरचा तिरका ओरखडा, जो मध्यभागी किंचित रुंद होतो. असे नाणे कोणी विकायला आणले, सुटे असो वा स्लॅबमध्ये, तर कृपया विकत घेण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात ते दाखवावे.