पारदर्शक पट्ट्यांचा अक्षरसंच: पहिलीच्या वर्गासाठी घ्यावाच

वरुड तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. हा संच वरुडला स्टेशनरीच्या दुकानात ३४० रुपयांना मिळाला.

मुळाक्षरं जाड पुठ्ठ्यावर आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्यांवर. ‘म’वर काना ठेवला की मा, तो उचलून मात्रा ठेवली की मे. ऱ्हस्व वेलांटीसाठी तर याला तोड नाही. ती दिसते अक्षराच्या आधी आणि वाचायची नंतर, म्हणून ‘किती’तल्या पहिल्याच काडीशी मुलं अडतात. इथे आधी ‘क’ मांडायचा, मग वरून पट्टी. उच्चाराच्या क्रमानंच हात चालतो. दुसरीतली एक मुलगी नुसती अक्षरं ओळखून थांबायची. तिनं ‘निळी पिशवी’ जुळवली आणि बोट ठेवून सलग वाचली. मला फार आनंद झाला.

दुसरं म्हणजे अक्षरं मराठीची आहेत. हिंदीसाठी छापलेल्या स्वस्त संचात ‘ळ’ सापडत नाही. यात तो आहे, शिवाय ल आणि श हे मराठी वळणाचे आहेत. आमच्या भागात ‘ळ’ला वेळ द्यावाच लागतो, कारण घरी पोरं डोया, काया असंच बोलतात. केळीचं चित्र दाखवलं की, “बाई, हे तं केयं हाय!” मी ते कधीच चूक म्हणत नाही. ‘केळं’ जुळवते, पुस्तकात असं लिहितात म्हणून सांगते. मग डोळा, काळा ती आपणच जुळवतात.

चित्रं मात्र बदलायला हवीत. शिवाराभोवती संत्र्याच्या बागा आणि ‘स’ला सफरचंद! मी मुलांकडूनच संत्रं, पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), तूर यांची चित्रं काढून घेतली आणि कार्डांच्या मागे चिकटवली.

मोठी उणीव एकच. पट्ट्या भरपूर आहेत, पण प्रत्येक अक्षराचं कार्ड एकच. त्यामुळे ‘मामा’, ‘काका’, ‘बाबा’ हे मुलांचे पहिले शब्दच जुळत नाहीत. बनवणाऱ्यांनी निदान क, म, ब, न, र यांची दोन-दोन कार्डं द्यावीत. रफार आणि जोडाक्षरं नाहीत, पण पहिलीला त्यावाचून अडत नाही.

प्लास्टिक उन्हात वाकतं, डबा खिडकीत ठेवू नका. आणि शक्य असेल तर दोन संच एकदम घ्या, दुकानदार थोडे पैसे कमी करतो.