बॉनेट स्कूपचे दहा महिने: एमएम 540 आणि केळघरचा पाऊस

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री आठच्या सुमारास, महाबळेश्वरजवळच्या केळघर घाटात माझी महिंद्रा एमएम 540 जीप तापली. भर पावसात. बाहेर दात वाजतील अशी हवा, आणि तापमानाचा काटा 104 अंशांवर. आधी बेल्ट किंचाळला, मग डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, हेडलाइट मंद झाले, वायपर रेंगाळायला लागला. मागच्या सीटवर आई होती. वळणाच्या पुढे जागा बघून गाडी कडेला घेतली आणि टॉर्च घेऊन बॉनेट उघडलं. फॅनबेल्ट निथळत होता. पाणी येत होतं ते इंजिन गार राहावं म्हणून मी हौसेने बॉनेटवर बसवलेल्या स्कूपमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या उघड्या तोंडातून.

ज्यांच्याकडे ही जीप आहे त्यांना माहीत आहे, पंखा, वॉटर पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तिन्ही एकाच बेल्टवर. तो भिजून घसरला की चार्जिंग जातं आणि कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फिरायचंही मंदावतं. म्हणजे गाडी थंड ठेवायला आणलेल्या वस्तूनेच ती तापवली. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

स्कूप घेतला गेल्या नोव्हेंबरात. गाडी 96 ची, 2112 सीसीचं जुनं प्यूजो डिझेल. वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला चढणाऱ्या पसरणी घाटात दुसऱ्या गिअरला काटा 102 पर्यंत जायचा. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर, तिथे साधं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून निभावतं, पण तो 102 बघून पोटात गोळा यायचाच. दुकानदार म्हणाला, "स्कूप टाका, दहा डिग्री खाली." फायबरचा स्कूप 3,200 रुपये, पत्रा कापणं, प्रायमर आणि रंग मिळून 2,600. एकूण 5,800. कंपनीचं मूळ बॉनेट ग्राइंडरखाली जाताना मला बघवलं नाही, मी चहाला निघून गेलो.

पहिले तीन महिने मी या स्कूपचं मनापासून कौतुक केलं, आणि ते खोटं नव्हतं. नदीपात्रात, दगडांवरून लो गिअरमध्ये गाडी रांगवताना त्या तोंडातून गरम हवेचा लोट वर येताना दिसायचा, त्यामागची झाडं थरथरल्यासारखी वाटायची. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी बॉनेटखालची हवा आधी 78 अंश भरायची, आता 64. वायरी, रबरी पाइप, बॅटरी या सगळ्यांच्या आयुष्यासाठी हा फरक मोलाचा आहे. पण घाटातला कुलंटचा आकडा? 102 चा 100 झाला. दोन अंश. 5,800 रुपयांना दोन अंश.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, उलटा बसवा, तोंड काचेकडे करा, गरम हवा मागून ओढली जाईल. सहा नट-बोल्टांचं काम, घरीच केलं. तरी हायवेला काही फरक पडेना. मग वारा कुठे वळतो ते बघायला आईच्या विणकामाच्या पेटीतली लाल लोकर घेतली, बोटभर लांबीचे वीसेक तुकडे केले आणि बॉनेटवर ओळीने चिकटपट्टीने लावले, त्यातले चार स्कूपच्या ओठावर. भावाला गाडी चालवायला दिली आणि मी शेजारी बसून बघत राहिलो. वीस-पंचवीसच्या वेगाला ओठावरचे दोरे नुसते वळवळत होते. पन्नासच्या पुढे चारही दोरे आत वळले. बाहेर नाही, आत! कारण सोपं आहे. जीपची काच उभी भिंतीसारखी. वारा तिच्यावर आपटतो आणि पायथ्याशी दाब वाढतो. तिथे तोंड ठेवलं की हवा इंजिनखान्यात घुसणार. उलट रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या भागातले दोरे वर उचलले जात होते, म्हणजे तिथे दाब कमी. गरम हवेला वाट द्यायची तर तिथे.

पुढे तोंड ठेवलं तरी हिशोब बसत नाही. रेडिएटरमधून हवा जायची तर त्याच्या मागची जागा मोकळी हवी. स्कूपमधून आणखी हवा आत कोंबली तर रेडिएटरमधून येणारीला जागाच कमी. आधीच्या टोयोटा फॉर्च्युनरच्या 3.0 इंजिनावर स्कूप होता तो असा मोकळा नव्हता. त्याच्या खाली थेट इंटरकूलर, म्हणजे टर्बोमधून येणारी तापलेली हवा थंड करणारी जाळी, होता आणि सगळी हवा त्याच्यातूनच जायची. 2016 च्या गाडीत इंटरकूलर पुढे आला, स्कूप गेला. माझ्या इंजिनाला टर्बोच नाही, इंटरकूलर कुठून असणार? हे मला पैसे देण्याआधी कळायला हवं होतं.

मे महिन्यात मी तोंड परत पुढे केलं, कारण जीपची समोरची काच आडवी पाडून हळू चालवताना गरम डिझेलचा वास थेट तोंडावर यायचा. आणि जुलैत पश्चिमेचा पाऊस समोरून त्या उघड्या तोंडात.

आता माझा मुख्य मुद्दा. या 3,200 रुपयांच्या वस्तूच्या खाली पाणी झेलायला काहीही नाही. ना ताट, ना पन्हळ, ना निचऱ्याचं एक भोक. कौलाला पन्हळ लावतो ना आपण? सह्याद्रीत विकायच्या वस्तूला ती नको? मी दुकानात जाऊन हेच विचारलं. उत्तर मिळालं, "स्कूप म्हटल्यावर पाणी येणारच, पावसात फडकं कोंबा." बिल दाखवलं, बेल्टचे पैसे मागितले, काही उपयोग झाला नाही. पैशांचं सोडा. वळणावर मिणमिणत्या दिव्यांत आईला घेऊन थांबलो होतो, त्याची भरपाई कोण करणार?

शेवटी एका वयस्कर पत्रेवाल्याने अर्ध्या तासात ॲल्युमिनियमचं उथळ ताट वाकवून दिलं. चारी बाजूंना दीड इंच काठ, एका कोपऱ्यात नळी, तिचं तोंड चाकाच्या कमानीत सोडलंय. काठ आणि बॉनेटमध्ये फट ठेवली आहे, तिथून हवा निघते. 350 रुपये. ऑगस्टभर त्याच घाटात चार फेऱ्या झाल्या, बेल्ट कोरडा.

आणि गाडी तापायचं खरं कारण सापडलं ते रेडिएटर खोलल्यावर. मेस्त्रीने वरची टाकी काढून दाखवली, निम्म्याहून जास्त नळ्या गाळाने बुजलेल्या. प्रत्येक नळीतून सळई फिरवून साफ केलं, 1,400 रुपये. पंख्याभोवतीचं कडं आधीच्या मालकाने कधीतरी काढून टाकलं होतं. ते नवीन बनवलं, 900. रेडिएटरच्या बाजूच्या फटींतून हवा जाळीला टाळून निघून जायची, तिथे फोमची पट्टी, 160. एकूण 2,460. पसरणीला तोच दुसरा गिअर, आईही गाडीत, काटा 90-91.

कोणी विचारलं तर मी सांगतो: आधी रेडिएटर, कडं आणि फटी बघा. त्यानंतरही बॉनेटखाली उष्णता कोंडत असेल तर बॉनेटच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात पट्ट्यांच्या झडपा पाडा, खाली ताट लावूनच. आणि कापायचंच असेल तर जुन्या बाजारातलं दुसरं बॉनेट कापा, मूळचं नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीतल्या बदलाबाबत कडक आहे, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला उभं राहावं लागतं. माझी पाळी पुढच्या फेब्रुवारीत आहे. साताऱ्यातल्या एका भंगारवाल्याकडे अखंड बॉनेट आहे, 4,000 म्हणतोय. मी 3,000 वर अडून बसलोय.