गेटच्या एएमसीत ४७,४८० रुपये गेले आणि फोटोसेलच्या जागी निघाला वायरचा तुकडा

आधी आकडे. आमच्या इमारतीच्या मोटरवर सरकणाऱ्या गेटसाठी वर्षाचा एएमसी (देखभालीचा) करार १८,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,३३०, मिळून २१,८३०. गेटच्या आड कोणी आलं की ओळखणाऱ्या फोटोसेलची नवी जोडी ४,८००. वळवाच्या विजेनं ‘जळालेला’ कंट्रोल बोर्ड १४,५००. गिअर ऑइल १,३५०. चार रिमोट ५,०००. एकूण ४७,४८० रुपये. चौदा फ्लॅटची इमारत आहे, म्हणजे फ्लॅटमागे जवळजवळ ३,४०० गेले. या पैशात गेटवर खरं काम काय झालं? एक फ्यूज बदलला आणि रॅकला, म्हणजे गेटच्या दातेरी पट्टीला, ग्रीस फासलं. ते ग्रीससुद्धा फासायला नको होतं.

बेळगावात गेल्या काही वर्षांत टिळकवाडी, हिंदवाडीपासून पार खानापूर रोडपर्यंत स्लायडिंग गेटला मोटर बसवायचं प्रमाण वाढलंय. त्याच्या मागोमाग ही देखभालीचे करार विकणारी माणसं आली. त्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच: वॉचमनकडे कार्ड, फुकट चेकअप, दोन भीतीची वाक्यं, मग करार. त्यावर जास्त लिहीत नाही. त्यांनी नेमकं काय काय केलं ते लिहितो, कारण तेच तुमच्या गेटवर झालेलं असू शकतं.

कमिटीतले दोघे उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये आयुष्य घालवलेले. बेअरिंग, पिनियन, बॅकलॅश यातलं काही आम्हाला नवीन नाही, म्हणून लाज जास्त वाटते. पण बोर्डवरच्या टर्मिनलमध्ये काय चाललंय ते लोखंडातल्या माणसाला बघून कळत नाही. त्यांनी पाठवलेल्या पोरानं बरोबर तिथंच हात घातला.

आता तो क्षण. फोटोसेल म्हणजे गेटच्या दोन बाजूंच्या दोन डब्या, जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटरवर. एकीतून इन्फ्रारेड किरण निघतो, दुसरी तो घेते. मध्ये कोणी आलं की घेणाऱ्या डबीतला रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) सुटतो, बोर्डला निरोप जातो आणि बंद होणारं गेट थांबून उलटं फिरतं. पोरानं नव्या डब्या बसवल्या असं सांगितलं आणि लेन्ससमोर हात धरला. डबीतला लाल दिवा बदलला, ‘टक’ असा आवाज आला. “ऐकलासा काका? कट होतोय की.” आवाज खरा होता. पण त्या वेळी गेट उभं होतं.

आम्ही म्हटलं, चालवून दाखव. त्यानं गेट उघडायला लावलं आणि पुन्हा हात धरला. गेट थांबलं नाही. “उघडताना थांबत नाही काका, सेटिंगच तसं असतंय.” आणि हे खरं आहे. बहुतेक बोर्डांत हा फोटोसेल फक्त बंद होताना काम करतो. त्या अर्ध्या खऱ्यानं आमचं तोंड बंद केलं. बंद होताना बघायचं राहिलं होतं, तेवढ्यात थेंब पडायला लागले. “बोर्डात पाणी जाईल,” म्हणत त्यानं कव्हर ठोकून लावलं आणि आम्ही गाडीखाली उभे राहून यूपीआय केलं. अर्धा मिनिट थांबून एकदा बंद होताना बघितलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. ते अर्धं मिनिट रोज आठवतं.

त्यानं केलं होतं असं. जमिनीखालच्या पाइपात पाणी शिरून जुन्या केबलमधल्या निरोप नेणाऱ्या तारा कुजल्या होत्या. सहा मीटर नवी केबल ओढायची म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. त्याऐवजी त्यानं बोर्डवर फोटोसेलची दोन टर्मिनल दोन इंच लाल वायरनं एकमेकांना जोडून टाकली. फोटोसेलचा संपर्क नेहमी जोडलेला असतो, तुटला तरच धोका समजायचा. असा वायरचा जंपर टाकला की बोर्डाला कायम ‘रस्ता मोकळा’ दिसतो. डबीला वीज मिळतेय, म्हणून दिवा लागतो, रिले वाजतो, आणि तो आवाज कुठंच पोचत नाही. हा जंपर मुळात फोटोसेल न बसवलेल्या गेटसाठी असतो, माहितीपुस्तकातही दिलेला असतो. फोटोसेलचे पैसे घेऊन जंपर टाकणं ही चोरी आहे. डब्यासुद्धा जुन्याच, वरचं प्लास्टिकचं झाकण तेवढं नवं. आतले स्क्रू गंजलेले होते.

एवढ्यावर भागलं नाही. पावसात आमच्याकडची तांबडी माती वाहत येऊन रुळात बसते, चाकं घासतात, मोटर ओढत नाही. रूळ साफ करायच्या ऐवजी त्यानं बोर्डवरचा फोर्सचा नॉब शेवटपर्यंत फिरवला. फोर्स कमी असतो तेव्हा अडथळा आला की गेट थांबतं. नॉब टोकाला गेला की गेट समोरचं ढकलत जातं. फोटोसेल मेलेला, फोर्स पूर्ण. ३०० किलोच्या वर वजनाच्या लोखंडाला आता थांबवणारं काहीच उरलं नव्हतं. जुलैत एका भाडेकरूच्या स्कूटीच्या मागच्या चाकावर गेट आलं, उलटं फिरलं नाही, स्कूटी पाडून पुढं जात राहिलं. वॉचमननं मेन पाडला. स्कूटीचं नुकसान २,३५० रुपये. पाय वाचला.

त्यानंतर शहापूरच्या एका वायरमननं कव्हर उघडलं, तेव्हा लाल वायर दिसली. बोर्ड मागून बघितला तर पहिल्या बसवणाऱ्यानं मार्करनं लिहिलेली तारीख जशीच्या तशी. १४,५०० चा ‘नवा’ बोर्ड म्हणजे आमचाच बोर्ड, फ्यूज नवा. जुना बोर्ड वॉरंटीसाठी कंपनीला पाठवायचा असं सांगून तो रिकामा खोका घेऊन गेला होता. काढलेला पार्ट कधीही नेऊ देऊ नका. काम सुरू व्हायच्या आधी बोर्डच्या स्टिकरचा फोटो काढा, नंबर दिसेल असा.

गिअर ऑइलचं तर कुणाला सांगायची सोय नाही. आमच्या मोटरचा गिअरबॉक्स ग्रीस भरून बंद केलेला आहे, ऑइल काढायचा प्लगच नाही. बिल दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आलं, ‘गिअर ऑइल १ लिटर’ ही ओळ डोळ्यांत खुपली आणि तेराशे रुपयांसाठी कुठं भांडायचं म्हणून सोडून दिली. ज्याला मशीन कळतं त्यानं अशी ओळ सोडू नये. एक ओळ खोटी निघाली की सगळं बिल पुन्हा तपासायचं.

बिलाकडेही कुणी नीट बघितलं नाही. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, यावर १४ होती. सुरुवात २७ नं, म्हणजे महाराष्ट्र. कर्नाटकाचा आकडा २९. महाराष्ट्रातला विक्रेता बेळगावातल्या कामाचं बिल करतो तेव्हा आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लागतो, यानं एकाच राज्यातल्या व्यवहाराचे सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ लावले. पैसे घेतले ते कंपनीच्या नाही, कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. इतकं सगळं कागदावर होतं. आपण मात्र पोरगा मराठी बोलतो, कोल्हापूरचा आहे, घरचाच आहे असं समजून चाललो.

मग सुरू झाली हेलपाट्यांची गोष्ट. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर, हा सिव्हिल मॅटर. बोर्ड बदलल्याचे पैसे घेऊन न बदलणं सिव्हिल कसं? दुसऱ्या दिवशी, पार्टी महाराष्ट्रातली, तिकडं जावा. तिकडं गेलो. सीमेवरचं कोगनोळी ओलांडून ११० किलोमीटर, गाडीचं पेट्रोल आणि टोल मिळून १,८०० रुपये. तिथं सांगितलं, काम कर्नाटकात झालंय, तिकडंच नोंदवा. परत इकडं. आता अर्ज कन्नडमधून लिहून आणा. टायपिंगला ३०० रुपये देऊन तोही आणला. साहेब मीटिंगला, “नाळे बन्नी”, म्हणजे उद्या या. चार वेळा ‘नाळे बन्नी’ ऐकलं. पाचव्या वेळी टेबलवरचा माणूस बदललेला, अर्ज सापडेना. ज्याला फसवायचं आहे त्याला सीमा किती सोयीची आहे हे आम्हाला या वयात कळलं. फसवणारा सकाळी येऊन संध्याकाळी परत जातो, त्याला कुणी विचारत नाही कुठल्या राज्याचा. आणि फसलेल्या माणसाला प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८. हे आकडे लिहून न्या, तोंडी सांगून उपयोग होत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आम्ही पहिल्या वेळी सोडलं.

दुसरा राग याहून मोठा आहे. लिफ्टसाठी कर्नाटकात २०१२ चा कायदा आहे, परवाना लागतो, तपासणी होते. रस्त्याच्या कडेला, पोरांच्या उंचीवर, रोज पन्नास वेळा फिरणाऱ्या ३०० किलोच्या गेटबद्दल विचारायला गेलो तर प्रत्येक कार्यालयात एकच उत्तर: ते आमच्याकडं येत नाही. मग कुणाकडं येतं?

म्हणून हे स्वतः करा. आधी मेन बंद, चावीनं मोटर सोडवा आणि गेट हातानं ढकला. पूर्ण लांबीत एका हातानं सरकलं पाहिजे आणि सोडाल तिथं उभं राहिलं पाहिजे. आपोआप घरंगळलं तर रूळ लेव्हलमध्ये नाही. जिथं जड जातं तिथं चाक किंवा बेअरिंग गेलंय, तिथं मोटर दुरुस्त करून काही होत नाही.

रॅक आणि पिनियन (मोटरचं दातेरी चाक) यांच्यामध्ये १ ते २ मिलिमीटर फट सगळ्या लांबीत हवी. गेटचं वजन चाकांवर, पिनियनवर नाही. चाकं झिजली की गेट खाली बसतं, रॅक पिनियनवर टेकते आणि मोटरच्या शाफ्टचं बेअरिंग जातं. मग ‘मोटर गेली’ म्हणून बिल येतं. रॅकला ग्रीस लावू देऊ नका. माती चिकटून त्याचा घासायचा मसाला होतो, दात खातो. कोरड्या ब्रशनं झाडा.

शेवटचे स्टॉपर आणि वरचे गाइड रोलर हलवून बघा. लिमिट (गेट थांबायची ठरवून दिलेली जागा) चुकली तर गेट थांबवायला वेल्ड केलेला स्टॉपरच असतो, तो नसेल तर गेट गाइडमधून बाहेर येऊन माणसावर पडतं. गेट लिमिटवर, स्टॉपरच्या २-३ सेंटिमीटर अलीकडेच थांबायला हवं. रोज स्टॉपरवर आदळत असेल तर लिमिट सरकलीय.

फोटोसेलची खरी परीक्षा गेट बंद होत असताना. स्वतः मध्ये उभं राहू नका, लांब काठीला पुठ्ठा बांधून किरणात धरा. गेट थांबून उलटं गेलं पाहिजे. नंतर मेन बंद करून फोटोसेलच्या आउटपुटची एक वायर बोर्डवरून काढा, मेन चालू करून रिमोट दाबा. गेटनं बंद व्हायला नकार दिला पाहिजे. बंद झालं तर समजा जंपर आहे. वायर काढताना मेन नक्की बंद, कारण त्याच डब्यात २३० व्होल्ट आहेत. हिंमत नसेल तर आपला वायरमन बोलवा, एएमसीवाला नको.

फोर्ससाठी युरोपच्या ईएन १२४५३ मानकात मिटणाऱ्या फटीवर जास्तीत जास्त ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोचा दाब, आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनच्या खाली, असं दिलंय. ते मोजायचं यंत्र वेगळं असतं. ते नसेल तर रिकामा जाड खोका खांबाला टेकवून ठेवा. तो चिपाड झाला तर नॉब टोकाला आहे. आधी रूळ आणि चाकं साफ करा, मग नॉब कमी करत आणा.

गेट नुसतं घूं करून जागचं हलत नसेल आणि हातानं ढकलल्यावर चालू लागत असेल तर बहुतेक वेळा मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर कमजोर असतो. त्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा वाचून तेवढाच बसवा. एवढ्यासाठी नवी मोटर घेऊ नका. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या ३० एमएच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. केबल जिथून डब्यात शिरते ती भोकं बंद करा, मुंग्या आणि पाली बोर्ड जाळतात, वीज पडायची गरज नसते.

आमची तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि आपण राहतो तिथंच दाखल करता येते, कोल्हापूरला जायला लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरून सुरुवात करा. हे पहिल्या दिवशी कुठल्याही खिडकीवर कुणी सांगितलं असतं तर ते १,८०० रुपये तरी वाचले असते.

तीच माणसं आता निपाणी, संकेश्वरकडं फिरताहेत असं ऐकतो. कार्डावरचं नाव बदललेलं असेल. वॉचमनच्या केबिनमध्ये ‘फ्री गेट चेकअप’ असं कार्ड खोचलेलं दिसलं आणि गेल्या वर्षभरात कुणी गेटचं कव्हर उघडलं असेल, तर आजच ते पुन्हा उघडा आणि फोटोसेलच्या टर्मिनलवर दोन इंच वायर आहे का बघा.