घरघंटी : बरेच महिने वापरल्यावर, खास करून ज्वारी खाणाऱ्या घरांसाठी

दिवाळीच्या तोंडावर आमची घरघंटी बंद पडली, तेव्हापासून हे लिहायचं होतं. चकलीची भाजणी भाजून, गार करून परातीत तयार, बटण दाबलं तर नुसती घुमतेय, आत काहीच फिरत नाही. मशीनची माहिती लिहीत बसत नाही, १ एचपी, स्टीलची चक्की, वर धान्य ओता खाली डब्यात पीठ, सगळ्या साधारण सारख्याच असतात. कंपनीचं नावही लिहीत नाही.

सर्व्हिसचा माणूस आला तोपर्यंत भाजणी नाक्यावरच्या गिरणीत दळून चकल्या संपल्यासुद्धा होत्या. त्याने झाकण उघडून बघितलं न बघितलं आणि सांगितलं मोटर गेली, मोटर वॉरंटीत आहे पण व्हिजिट आणि लेबर वेगळं पडेल आणि मोटर यायला महिना लागेल. मी म्हटलं अहो मोटर जळली तर वास नको का यायला, तर म्हणे मॅडम आम्ही रोज हेच करतो. आमचे अण्णा (सासरे) गावाकडे विहिरीवरच्या मोटरी सांभाळलेले, ते काही बोलले नाहीत, तो गेल्यावर खालच्या वाइंडिंगवाल्याला वर घेऊन आले. कपॅसिटर गेला होता! सिंगल फेज मोटरला सुरू व्हायला कपॅसिटर लागतो, तो गेला की मोटर घुमते पण फिरत नाही, आणि तशीच चालू ठेवली तर मग खरंच जळते. दोनतीनशे रुपयांत काम झालं. तुमची अशी घुमायला लागली तर आधी ताबडतोब प्लग काढा आणि कपॅसिटर तपासल्याशिवाय कुणालाही मोटर बदलू देऊ नका. माझा राग अजून गेलेला नाही.

आता ज्वारी. मशीन घेतलीच ज्वारीसाठी. अण्णांचं गाव मंगळवेढ्याकडचं, तिथल्या ज्वारीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, मालदांडी ज्वारीचं पोतं दरवर्षी येतं. इतकी चांगली ज्वारी आणि पुण्यात गिरणीत घेऊन जायचं तर रांग, आणि दर वेळी विचारायचं आधी काय दळलं, ज्वारीवर ज्वारी दळा हो, तो हो म्हणतो आणि आधीच्याचा गहू किंवा बेसन आपल्या पिठात. शिवाय फेऱ्या नकोत म्हणून एकदम पाच किलो दळून आणायचं आणि शेवटचं किलोभर पीठ विरी (चिकटपणा) गेलेलं, कितीही कढत पाणी घाला, भाकरी थापताना कडेने फाटणारच. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ ताजं आणि बारीक असण्यावरच सगळं आहे.

आणि इथेच सुरुवातीला मशीनने निराश केलं. सोबतच्या पुस्तिकेत ज्वारीला २ नंबरची जाळी लिहिलीय (आमच्या मशीनला ० सगळ्यात बारीक). त्या जाळीने पीठ हाताला खरखरीत लागायचं, भाकरी फुगायची पण चिरायची, आई (सासूबाई) म्हणाल्या यापेक्षा गिरणी बरी. मी तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर घेऊ नका असंच लिहिलं असतं. मग आईंनीच एक दिवस ० ची जाळी लावायला सांगितली, आणि पीठ एकदम मऊ. परातीत भाकरी नुसती फिरते, काठ अखंड, तव्यावर टम्म. आता चारपाच दिवसांपुरतंच दळतो आणि पाणीही कोमट पुरतं. हे पुस्तिकेत का नाही? महाराष्ट्रात मशीन विकताय आणि ज्वारीची जाळी चुकीची छापताय, हे मला अजिबात पटत नाही. फक्त एक, बारीक जाळीला वेळ जास्त लागतो आणि चक्की तापते, म्हणून दोन किलोनंतर थांबायचं.

बाजरीला तर घरची गिरणी हवीच, तिच्यात तेल जास्त, पाचेक टक्के, पीठ आठवड्यात कडवट होतं. लागेल तेवढी दळा.

पैसे वाचतील म्हणून घेणार असाल तर हिशेब बघा. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, तासाला पाऊण युनिट, तासाभरात सातेक किलो गहू होतो, म्हणजे किलोला रुपयाभर वीज. आमच्याकडे गिरणीवाला ८ घेतो. महिन्याला १५ किलो धरलं तर शंभरेक रुपये वाचतात आणि मशीन १८ हजारांची. चौदा-पंधरा वर्षं लागतील वसूल व्हायला. मी काटकसरी आहे, दहा रुपयांसाठी दोन दुकानं फिरते, तरी सांगते की ही वस्तू वसूल होण्यासाठी घेऊ नका, भाकरीसाठी घ्या.

आवाज मिक्सरपेक्षा कमी पण बराच वेळ चालतो, आम्ही दुपारी लावत नाही, शेजारच्या आजी झोपतात. मशीनच्या कापडी पिशवीतून थोडं पीठ उडतं, बाल्कनीत ठेवली तर त्रास नाही. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन घालायचंच नाही, जाळी चिकटते. मोदकासाठी आंबेमोहोर धुतला तर सावलीत खडखडीत वाळलेला पाहिजे. अनारशाचे तांदूळ ओलसर असतात, ते यात अजिबात नको.

मला सगळ्यात जास्त आनंद अण्णांचा होतो. रिटायर झाल्यापासून पेपर आणि टीव्ही एवढंच चाललं होतं, आता रविवारी सकाळी धान्य निवडणं, जाळ्या ब्रशने साफ करणं, डब्यांवर तारखा चिकटवणं, सगळं तेच करतात. लेक पण त्यांच्यासोबत बसते, तिला आता गहू बघून लोकवन की खपली ते ओळखता येतं. मशीन दुरुस्त झाली त्या दिवशी दोघांनी लगेच वरई आणि राजगिरा दळला, आईंच्या एकादशीचं पीठ. त्याआधी चक्की पूर्ण उघडून पुसून घेतली, धान्याचा कण राहता कामा नये म्हणून. गिरणीतल्या पिठाची आईंना कधी खात्री वाटायची नाही, आता उपासाचं थालीपीठ निर्धास्त खातात.